दुसऱ्याच्या वायरला हात

७ जानेवारी, सोमवार

ट्रॅक्टरचं इंजिन गरम ठेवणारा हीटर गेला. रात्रभर वायर लावलेली होती, पण सकाळी इंजिनाला हात लावला तर दगड. ओइवा खिडकीतून ओरडला, "जळला असणार! म्हातारा झाला होता, माझ्यासारखा." ट्रॅक्टर सुरू झाला कसाबसा, तोही बाहेर फक्त उणे बारा होतं म्हणून. खोकला, काळा धूर ओकला आणि मग लागला चालायला. पुढच्या आठवड्यात पारा बराच खाली जाणार असं रेडिओ सांगतोय. तेव्हा हा हूं की चूं करणार नाही.

आणि रस्ता तर मोकळा लागणारच. पहाटे दुधाची गाडी शेवटच्या घरापर्यंत, म्हणजे राउनोच्या गोठ्यापर्यंत जाते. तिच्यामागून शाळेची टॅक्सी. ओइवाच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून बर्फ ढकलायचं काम माझ्याकडे आलं, त्याला हा तिसरा हिवाळा. रस्ता समितीची सिर्का पहिल्या दिवशी म्हणाली होती, "बघ हं हिल्का, जमलं तर ठीक, नाही तर राउनोचा नवा ट्रॅक्टर आहेच."

जमलं की. खरं सांगायचं तर मला हे काम फार आवडतं. जन्मभर मी या गावात ओइवाची बायको म्हणून वावरले. आता दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर मला दिवा मारतो, पोरं टॅक्सीतून हात करतात. निघताना ओइवा स्वयंपाकघरातला दिवा एकदा बंद-चालू करतो आणि मी केबिनमधून हात वर करते. बिचारा रोज उठतो त्यासाठी.

९ जानेवारी, बुधवार

हीटर निवडणं म्हणजे नवरा निवडण्यापेक्षा अवघड काम आहे. नवऱ्याच्या वेळी तीन पर्याय नव्हते.

पहिला, इंजिनाच्या पोटात बसणारा, जळाला तसाच. पण आमच्या ट्रॅक्टरचं ते मॉडेल आता कोणी बनवत नाही. दुसरं बसवायचं तर बाजूची गंजलेली लोखंडी टोपी ठोकून काढावी लागेल, आणि ती निघताना बरोबर काय काय घेऊन निघेल देव जाणे. दुसरा, चुंबकाचा, खालून ऑइलच्या चेंबरला चिकटवायचा. तिसरा, रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीत मधे बसणारा. तो पाणी गरम करतो, गरम पाणी आपोआप वर चढतं आणि सगळं इंजिन कोमट होतं.

ओइवाचं मत चुंबक. "चिकटव आणि विसरून जा. त्यात डोकं कशाला घालायचं?"

"अरे, पण तेल गरम होऊन काय उपयोग? सिलिंडर गारच राहणार. आणि रस्त्यावर बर्फाचे दगड उडतात, एखाद दिवशी पडेल वाटेत."

"तीस वर्षं हा ट्रॅक्टर मी चालवलाय, हिल्का."

"म्हणूनच विचारतेय ना तुला."

मग दुकानातून परतताना राउनो भेटला, त्याला विचारलं. राउनोला एक प्रश्न विचारला की तो आधी टोपी काढतो, डोकं खाजवतो, टोपी घालतो आणि मग बोलतो. म्हणाला, "नळीतला घे. फक्त तिरका बसव, बाहेर पडायचं तोंड वर. आडवा बसवलास तर आत हवा अडकते आणि जळतो."

नळीतला घेतला. घरी येऊन ओइवाला सांगितलं. म्हणाला, "राउनो म्हणाला काय? मग बरोबरच असणार." आणि वर्तमानपत्र उघडलं.

१२ जानेवारी, शनिवार

बसवला. मीच बसवला. ओइवा स्टुलावर बसून टॉर्च धरून होता. मी रेडिएटरचं पाणी काढलं, नळी कापली, हात काळेनिळे झाले. तो सारखा म्हणत होता, आडवा ठेव, जागा कमी आहे. मी म्हटलं, राउनो म्हणाला तिरका. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा टॉर्च हलला. मी म्हटलं, अरे धर ना नीट, दिसत नाहीये. त्याने नीट धरला.

संध्याकाळी सौना, वाफेची अंघोळ. मी बाकावर आडवी पडून हसतच सुटले. म्हटलं, बघितलंस, बायकोने इंजिन उघडलं आणि बंदही केलं! तो म्हणाला, "बघितलं," आणि तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. इतकं ओतलं की मला खालच्या पायरीवर उतरावं लागलं.

१३ जानेवारी, रविवार

आमच्याकडे नाताळ आज संपतो, झाड बाहेर काढलं. बाहेर उणे वीस. किल्ली फिरवली आणि सेल्फ एकदाच बोलला, इंजिन लागलं. धूर नाही, खोकला नाही. मला त्या ट्रॅक्टरचा मुका घ्यावासा वाटला.

ओइवाने दिवा केला. मी दोन्ही हात वर केले.

१७ जानेवारी, गुरुवार

उणे सत्तावीस. सुरू झाला नाही.

वायर जागेवर, प्लग अंगणातल्या खांबावरच्या विजेच्या डब्यात नीट बसलेला, आणि इंजिन मात्र थंडगार. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. मी घरात धावले, राउनोला फोन लावायला. फोन हातात घेते न घेते तोच रस्त्यावर त्याच्या ट्रॅक्टरचे दिवे. पातं खाली टाकून बर्फ ढकलत चालला होता.

मी कोणाला काही सांगायच्या आधी! याला स्वप्न पडलं होतं का?

ओइवा कॉफी ओतत म्हणाला, "असू दे गं. रस्ता मोकळा झाला ना?" फार समजूत घातली त्याने माझी. पावाला लोणीसुद्धा लावून दिलं. इतकं गोड तो ऑपरेशननंतर कधी वागला नव्हता.

१९ जानेवारी, शनिवार

उणे अठरा. सुरू झाला, दमलेल्या बॅटरीमुळे कष्टाने, पण आज इंजिन कोमट होतं. मला या हीटरचं काही कळेनासं झालंय.

२३ जानेवारी, बुधवार

उणे एकोणतीस. पुन्हा तेच. पुन्हा राउनो बरोब्बर हजर. जाताना त्याने हात केला. मी केला नाही.

दिवसभर डोक्यात तोच विचार. नळीतला घे असं सांगितलं कोणी? राउनोने. तिरका बसव असं सांगितलं कोणी? राउनोने. माझा ट्रॅक्टर बंद पडला की काम कोणाला मिळणार? राउनोला. आणि मी बावळट, त्याच्या टोपीकडे बघून त्याला साधा समजत होते. केसाने गळा कापला मेल्याने.

ओइवाला म्हटलं तर तो म्हणाला, "राउनो तसा नाहीये गं." किती मोठं मन आहे याचं. दुपारी खांबाजवळ गेले, तर बर्फात ओइवाच्या काठीच्या टोकाला असलेल्या खिळ्याची भोकं, जायची वेगळी, यायची वेगळी. झोप लागत नाही म्हणून अंगणात चालतो म्हणाला होता, डॉक्टरनेच सांगितलंय चालायला. माझा प्लग नीट बसलाय का ते बघायला जात असणार. त्या निसरड्यावरून, तसल्या कमरेने. मला भरून आलं. संध्याकाळी त्याच्या आवडीचं कॅरेलियन मटण चढवलं. त्याने नीट खाल्लंच नाही.

२४ जानेवारी, गुरुवार

राउनोला बोलावलंच. म्हटलं, ये आणि बघ तुझं कर्तृत्व.

आला. टोपी काढली, डोकं खाजवलं. वायर लावायला सांगितली. आम्ही दोघं शेडमध्ये उभे होतो, मी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही, यावरून काय ते समजावं. थोड्या वेळाने त्याने हातमोजा काढून वरच्या नळीला हात लावला.

"गरम झालीये. हीटर चांगलाय, हिल्का."

"मग सकाळी गार का असतो?"

तो खांबाकडे गेला. डबा उघडला, प्लग पाहिला. मग खाली बर्फाकडे बघत बसला, बराच वेळ. मला वाटलं काही तरी पडलंय त्याचं.

"वायर इथून घेऊ नकोस," म्हणाला. "कोठारातून घे. आतल्या सॉकेटमधून. आणि दाराला कुलूप लाव."

"कुलूप?" मी हसलेच. "या गावात?"

आमच्याकडे बाहेर जाताना दाराला झाडू टेकवून ठेवतात. झाडू दिसला की घरात कोणी नाही, पाहुण्याने परत जावं. एवढंच आमचं कुलूप. आणि वायरीचं तर विचारूच नका. दुसऱ्याच्या हीटरच्या वायरला हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मागे चर्चच्या अंगणात एकाने दुसऱ्याच्या गाडीचा प्लग काढून स्वतःचा लावला होता. त्याच्या शेजारी बाकावर बसायला लोक अजून तयार नसतात.

म्हटलं, "राउनो, चोर मला दिसतोय. माझ्यासमोर उभा आहे."

त्याने हातमोजा चढवला. "बरं," म्हणाला आणि गेला.

ओइवाने खिडकीतून सगळं पाहिलं असणार. आत गेल्या गेल्या विचारलं, "काय म्हणाला तो?" मी म्हटलं, काय म्हणणार, हीटर चांगलाय म्हणे. "आणि?" आणि काही नाही, म्हटलं. कुलपाची मूर्खपणाची गोष्ट सांगून त्याला कशाला त्रास द्यायचा?

२९ जानेवारी, मंगळवार

तिसऱ्यांदा. मी शेडमध्ये बसून रडले.

३ फेब्रुवारी, रविवार

सिर्काच्या घरी रस्ता समितीची बैठक. सगळे आले होते. सिर्काने केक केला होता आणि चेहरा असा, जणू कोणाला तरी माती द्यायचीय.

"हिल्का, तुझ्याबद्दल कोणाची तक्रार नाही," तिने सुरुवात केली. ही सुरुवात झाली की समजावं. "पण दुधाची गाडी अडकली तर दूध ओतून द्यावं लागेल."

"अडकली नाही ना एकदाही?"

"राउनोमुळे नाही अडकली."

मग माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हटलं, "राउनोमुळेच अडकणार होती! मला नको तो हीटर गळ्यात मारायचा, मग अंधारात दबा धरून बसायचं आणि मी फोन उचलायच्या आत हजर! एवढी हौस असेल तर तोंडाने मागायचं होतंस काम. मी दिलं असतं."

राउनोच्या बायकोने बशी खाली ठेवली. राउनो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या शेजारी बसलेल्या ओइवाकडे बघत होता. वाट बघावी तसा. ओइवा कॉफीत साखर ढवळत होता. तो साखर घेत नाही.

शेवटी राउनो म्हणाला, "मला ते काम नकोय."

नाटकी!

ठरलं ते असं: आणखी एकदा ट्रॅक्टर बंद राहिला तर काम राउनोकडे, त्याला हवं असो वा नसो. येताना गाडीत ओइवाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला, "सोडून दे गं हिल्का. आपण दोघं घरात बसू निवांत. तुला काय कमी आहे?"

एवढं प्रेमाने बोलला तरी घरी पोचल्यावर मी आधी शेडमध्ये जाऊन ट्रॅक्टर बघून आले.

७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या उणे तीसच्या खाली जाणार. ओइवा दुपारी तपासणीला गेला होता. तेवढ्यात मी कोठारातल्या सॉकेटमधून नवी वायर ओढली, भिंतीच्या फटीतून शेडमध्ये घेतली. कुलूप सोडून राउनो म्हणतो तसंच केलं, मुद्दाम. उद्याही इंजिन गार निघालं तर हीटर उपटून त्याच्या अंगणात नेऊन फेकणार, आणि वर सांगणार, घे, कुलपात ठेव.

जुनी वायर खांबावर तशीच लटकतेय. थंडीने काठीसारखी कडक झाली होती, कोण गुंडाळत बसणार. प्लगसुद्धा राहू दिला.

ओइवा आला तेव्हा वाटाण्याचं सूप तयार होतं. जेवून तो खोलीत फोनवर बोलत बसला. हल्ली बहिणीशी फार बोलणं होतं त्याचं. बरं आहे, मन रमतं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

उणे एकतीस. नळीला हात लावला तर कोमट. किल्ली फिरवली, पहिल्या फटक्यात लागला. मी केबिनमध्ये एकटीच ओरडले. स्वयंपाकघराचा दिवा मात्र आज बंद-चालू झाला नाही. मला वाटलं, झोपला असेल.

वळणावर पोचते तो समोरून राउनो, पातं खाली. दोघांनी ब्रेक मारले. मी उतरले, भांडायच्याच तयारीने.

"आज कसा आलास? आज तर माझा चालू आहे!"

तो माझ्या ट्रॅक्टरकडे बघत राहिला. टोपीला हात लावला नाही.

"ओइवाने काल फोन केला होता," म्हणाला. "उद्याही तुझा सुरू होणार नाही म्हणाला."

"काल?"

"नेहमी आदल्या संध्याकाळीच करतो. त्या तिन्ही वेळेला."

दोन्ही इंजिनं चालू होती. मी म्हटलं, पुन्हा सांग. त्याने पुन्हा सांगितलं.

"तू बोलला का नाहीस? सिर्काकडे, सगळ्यांसमोर, मी तुला एवढं—"

"मला आधी वाटलं, त्याला हवामानाचा अंदाज असेल. मग खांबाजवळ काठीची भोकं पाहिली." त्याने खाली बघितलं. "तुमच्या दोघांच्यात मी कसा पडू? वायर कुलपात ठेव म्हणालो होतो. त्यापलीकडे काय बोलणार? बैठकीत वाटलं, तो बोलेल."

मी केबिनमध्ये चढले आणि सगळा रस्ता केला. राउनोच्या फाटकापर्यंत, पूर्ण. पातं कुठे घासलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. वर २३ तारखेला लिहिलंय केसाने गळा कापला म्हणून. खोडत नाही. फक्त नाव चुकलं.

घरी आले तेव्हा तो टेबलाशी बसला होता. काठी भिंतीला. कॉफी तयार, दोन कप. मी बूटसुद्धा काढले नाहीत.

"खांबावरचा प्लग काल रात्री कोणी काढला, ओइवा?"

त्याने दुसरा कप माझ्या बाजूला सरकवला.

"आणि पहाटे परत कोणी लावला?"

"सुरू झाला ना आज?" म्हणाला. "आवाज ऐकला मी."

"मी काय विचारतेय?"

मग म्हणाला, कपाकडे बघत, "पहिल्या हिवाळ्यात तू मला सगळं विचारायचीस. पातं किती तिरकं धरू, गियर कुठला टाकू. येऊन इथे बसायचीस आणि सांगायचीस. आता माझ्या ट्रॅक्टरला हीटर कुठला घ्यायचा ते राउनोला विचारतेस. माझ्यासमोर मला सांगतेस, राउनो म्हणाला तिरका."

"म्हणजे हीटरपायी?"

"हीटरपायी नाही गं." त्याचा आवाज चढला. "दुकानात कोणी मला विचारत नाही, ओइवा कसा आहेस. विचारतात, हिल्काचं कसं चाललंय. रोज सकाळी मी इथे उभा राहून दिवा लावतो-घालवतो. तेवढंच माझं काम राहिलंय."

मला त्याची दया यायला हवी होती. थोडी आलीही असेल. पण मला शेड आठवली, तिथे मी रडत बसले होते ती. आणि त्या दिवशी याने माझ्या पावाला लावलेलं लोणी आठवलं.

"मी शेडमध्ये रडत होते तेव्हा तू कुठे होतास?"

"रस्ता एकदाही बंद राहू दिला नाही मी," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी राउनोला सांगून ठेवलं होतं."

"रस्त्याची काळजी घेतलीस," मी म्हटलं. "माझी नाही घेतलीस."

कुंपणच शेत खात होतं आणि मी त्याला मटण शिजवून घालत होते.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

उपासाआधीचा सण. मलई भरलेले पाव केले आणि राउनोकडे घेऊन गेले. त्याची बायको दार अडवून उभी राहिली. तिचं बरोबर आहे. मी दारातच म्हटलं, "मी चुकले. सिर्कालाही सांगितलंय, सगळ्यांना सांगणार आहे." आतून राउनोचा आवाज आला, "पाव आत येऊ दे गं निदान." ती हसली नाही, पण बाजूला झाली.

सिर्काने विचारलं होतं, मग बिघाड नक्की कशात होता? मी म्हटलं, "वायरीत. माझ्या घरच्या." ती पुढे काही विचारेना. उद्यापर्यंत सगळ्या रस्त्याला कळलेलं असेल. चर्चच्या अंगणातल्या त्या माणसाशेजारी बाकावर जागा आहेच. हे मनात आलं आणि मलाच माझी लाज वाटली, पण आलं खरं.

परतताना दुकानातून कुलूप घेतलं. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "चोर आलाय की काय गावात?" मी म्हटलं, "नाही गं. चोर बाहेरून येतात."

कोठाराच्या दाराला लावलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ओइवा ओसरीत काठीवर भार देऊन उभा होता. कडी घालताना आवाज झाला तेव्हा त्याने तोंड फिरवलं. किल्ली माझ्या खिशात आहे. झोपताना उशीखाली ठेवावी का असा विचार आला. ठेवली नाही. खिशातच आहे, खुंटीवरच्या कोटाच्या. त्याला माहीत आहे कुठला कोट.

१३ फेब्रुवारी, बुधवार

उणे अठ्ठावीस, रात्रभर बर्फ. किल्ली खिशातच होती. इंजिन कोमट. पहिल्या फटक्यात लागला.

शेडमधून बाहेर पडले तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा विझला आणि पुन्हा लागला. थोडं थांबून परत एकदा विझला, परत लागला. तो असं दोनदा कधी करत नाही.

मी पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि फाटकातून बाहेर काढला ट्रॅक्टर. दुधाची गाडी यायच्या आत रस्ता मोकळा केला.